आंब्याच्या साइटवर लोक येतात, भाव विचारतात आणि जातात: दर हंगामातल्या एका तक्रारीचं निवारण

तक्रार साधारण गुढीपाडव्याच्या आसपास सुरू होते आणि तिचे शब्दही ठरलेले असतात. "साइटवर माणसं येतायत, आकडा दिसतोय, पण ऑर्डर पडत नाही. व्हॉट्सअॅपवर तेवढं विचारतात, भाव काय? अहो, भाव साइटवरच लिहिलाय!" पाठोपाठ येणारं वाक्यही ठरलेलं: "डिझाइन जुनं झालंय वाटतं, नवं करून टाका." कोकणातल्या बागायतदारांच्या, थेट घरपोच हापूस विकणाऱ्यांच्या साइट सांभाळताना ही तक्रार मी दरवर्षी ऐकतो. पहिलं उत्तर दरवर्षी एकच देतो: डिझाइनला हात लावू नका, निदान हंगामाच्या तोंडावर तरी नको.

"भाव काय?" असं विचारणाऱ्याला भाव बहुतेक वेळा दिसलेला असतो. तो कशाचा आहे हे कळलेलं नसतं. पेटीचा आहे, पण पेटी किती डझनची? फळ केवढं? गाडीभाडं धरून की वेगळं? एवढं सगळं टाइप करण्यापेक्षा माणूस दोन शब्दांत विचारतो आणि उत्तर यायला तासभर लागला की दुसऱ्याकडून घेऊन मोकळा होतो. म्हणजे बिघाड साइटच्या रूपात नसून तिच्यावरच्या मजकुरात आहे. तो कसा शोधायचा आणि दुरुस्त कसा करायचा, ते खाली सांगतो. उदाहरण आंब्याचं असलं तरी काजू, कोकम, होमस्टे, पैठणी, काहीही विकणाऱ्याला यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी फोन उघडा, साइट नंतर

गेल्या हंगामातले व्हॉट्सअॅपवरचे संवाद वर सरकवून वाचा. व्हॉट्सअॅप बिझनेस वापरत असाल तर त्यात लेबल लावायची सोय आहे. प्रत्येक चौकशीला लेबल लावत जा: पेटीत किती, कच्चा की पिकलेला, कधी पोचणार, खराब निघाला तर, खरंच देवगडचाच का. शंभरेक संवाद वाचून झाले की दिसतं, की गिऱ्हाइकांचे प्रश्न पाच-सहाच आहेत, फक्त माणसं वेगळी.

आता तोच फोन हातात धरून आपली साइट उघडा आणि या पाच-सहा प्रश्नांची उत्तरं शोधा. संगणकावर नको, मोबाइलवरच, कारण गिऱ्हाईक तिथूनच येतं. बहुतेक साइटवर पहिला पडदा भरून एक फोटो असतो, त्यावर "निसर्गाचा अस्सल ठेवा" छापाची ओळ, मग तीन पिढ्यांचा वारसा, मग मालकांचं मनोगत. पेटीत किती फळं हे कुठेतरी तळाशी असतं, किंवा कुठेच नसतं. वारसा खोटा असतो असं नाही. पण अक्षय्य तृतीयेला आमरस व्हायलाच हवा म्हणून मंगळवारी रात्री साडेदहाला पेटी शोधणाऱ्या बाईंना तुमच्या आजोबांनी कलमं कधी लावली हे नंतर कळलं तरी चालतं.

एक साधी चाचणी. तुमची साइट कधीच न पाहिलेल्या, पण आंबा विकत घेणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन द्या आणि सांगा, "पाच डझन मागवून दाखवा." मग शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. कठीण भाग तोंड बंद ठेवण्याचा आहे. मालकाला राहवत नाही, तो "अहो, ते वरचं बटण" असं म्हणतोच. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन २००० सालापासून सांगत आले आहेत, की अशी पाच माणसं पाहिली की मोठ्या अडचणी बहुतेक दिसून जातात. माझा अनुभव आहे की तिसऱ्याच माणसापाशी मालक स्वतःहून वही काढतात.

मजकूर कसा बदलायचा

एका साइटवर असा परिच्छेद होता: "आमच्या बागेतील निवडक, दर्जेदार, नैसर्गिकरीत्या पिकवलेला, रसाळ व सुमधुर हापूस आंबा आपल्या सेवेत सादर करताना आम्हांस अत्यानंद होत आहे." यात माहिती एकच आहे, की आंबा हापूस आहे. त्याच्या जागी हे आलं:

"५ डझनची पेटी, म्हणजे ६० फळं. एक फळ साधारण २२५ ते २५० ग्रॅम. आंबा हिरवट आणि कडक येईल. घरी पेंढ्यात किंवा वर्तमानपत्रात पसरून ठेवा, सहा ते आठ दिवसांत तयार होईल. कच्चा असताना फ्रिजमध्ये ठेवू नका. गाडी सोमवारी आणि गुरुवारी निघते, पुण्यात दुसऱ्या दिवशी पोचते. भाडं भावात धरलं आहे. फळ खराब निघालं तर फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत."

आकडे तुमच्या बागेप्रमाणे बदलतील, पण क्रम हाच ठेवा: किती, केवढं, कोणत्या अवस्थेत, कधी, एकूण किती पैसे, आणि बिघडलं तर काय. ऑर्डरचं बटण याच्या लगेच खाली. वारसा त्याच्याही खाली, आणि तो जरूर ठेवा.

"कोणत्या अवस्थेत" हा मुद्दा बागायतदाराला इतका अंगवळणी पडलेला असतो की तो लिहायचं सुचतच नाही. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट उतरवलेलं, चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झालेलं फळ आढीत, म्हणजे पेंढ्यात पिकायला, घालायचं हे त्याला उपजत ठाऊक असतं. शहरातल्या दुसऱ्या पिढीला ते ठाऊक नसतं. पेटी उघडल्यावर हिरवा आंबा दिसला की फसवणूक झाल्यासारखं वाटतं आणि एका ताऱ्याचा अभिप्राय पडतो. त्या एका अभिप्रायामुळे पुढची दहा गिऱ्हाइकं "भाव काय?" विचारून थांबतात. म्हणून हिरव्या, अर्धवट आणि पूर्ण तयार आंब्याचे तीन फोटो शेजारी-शेजारी लावा आणि त्याखाली दिवस लिहा. हे काम दुपारी तासाभरात होतं आणि मी सुचवलेल्या दुरुस्त्यांपैकी सर्वांत जास्त उपयोग याच एका गोष्टीचा झालेला पाहिला आहे.

साक्याबद्दलही, म्हणजे हापूसच्या आतल्या दोषाबद्दलही, लिहा. वरून निरोगी दिसणाऱ्या हापूसच्या गरात कधी कधी पांढुरकी, आंबूस, पोकळ जागा निघते. तो हापूसचा जातीचाच दोष आहे आणि कापल्याशिवाय कळत नाही. बरेच विक्रेते साक्याचं नाव काढायला घाबरतात. माझं मत उलट आहे. ज्याने हापूस आयुष्यभर खाल्ला आहे त्याला साका माहीत असतोच. तुम्ही त्याचा उल्लेख करून भरपाई सांगितली की हा माणूस आंब्यातला आहे एवढं त्याला पटतं.

"अस्सल" सगळेच लिहितात

शहरातल्या गिऱ्हाइकाची सर्वांत मोठी भीती भावाची नसते. परराज्यातला आंबा देवगड-रत्नागिरीच्या नावाने विकला जातो हे त्याने ऐकलेलं असतं, बऱ्याचदा अनुभवलेलंही असतं. त्यामुळे "१०० टक्के अस्सल" हे शब्द त्याच्या डोळ्यांवरून नुसते सरकतात, कारण ते नकली विकणाराही लिहितो.

इथे पुरावा लागतो. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क, मिळालं; रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे त्यात येतात. त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा क्रमांक भावाजवळ दाखवा, "आमच्याविषयी"च्या पानात पुरू नका. नोंदणी नसेल तर गावाचं नाव, बागेचा नकाशावरचा ठिकाणा आणि चालू हंगामातले फोटो तरी द्या. मोहोर, कैरी, उतरणी, आढी असे महिन्यावार काढलेले साधे मोबाइलचे फोटो चालतात.

उलट जे अजिबात चालत नाही ते म्हणजे इंटरनेटवरून उचललेला आंब्याचा फोटो. तयार चित्रांच्या साठ्यात बहुतेकदा लाल गालांचे परदेशी आंबे असतात. हापूस कसा दिसतो हे ज्याला कळतं, तोच तुमचं गिऱ्हाईक. तो फोटो पाहून तो पहिल्याच क्षणी साइट बंद करतो आणि त्याची कुठे तक्रारही येत नाही.

पिकवण्याबद्दलही नेमकं लिहा. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळं पिकवायला आपल्याकडे बंदी आहे, तर इथिलीन वायू ठरवून दिलेल्या प्रमाणात, १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग), वापरायला परवानगी आहे. "केमिकल-फ्री" असं मोघम लिहिण्यापेक्षा तुम्ही आढीत पिकवता, इथिलीनच्या खोलीत पिकवता, की कच्चाच पाठवता, ते सांगा. तिन्हीत लपवण्यासारखं काही नाही.

येणारी माणसं नक्की कोण आहेत?

मजकूर सुधारूनही फरक पडत नसेल तर गूगल सर्च कन्सोल उघडा. लोक काय शोधून तुमच्यापर्यंत पोचतात त्याची यादी तिथे फुकट मिळते आणि मागच्या १६ महिन्यांची माहिती राहते, त्यामुळे गेल्या एप्रिलची या एप्रिलशी तुलना करता येते. एका साइटवर भेटी भरपूर होत्या, ऑर्डर शून्याच्या जवळ. यादी पाहिली तर निम्म्याहून जास्त लोक आंब्याच्या झाडाला मोहोर येण्यासाठी काय फवारावं हे शोधत आलेले. मालकांनी कौतुकाने लिहिलेला फवारणीचा लेख गाजला होता. वाचणारे सगळे दुसरे बागायतदार! लेख छान होता, पण तो वाचणारा कधीच पेटी घेणार नव्हता. अशा वेळी भेटींचा आकडा बघून खूश किंवा नाराज होण्यात अर्थ नाही. फक्त विक्रीच्या पानावरचा आकडा बघा.

शोधणारे मराठीतही शोधतात आणि रोमन अक्षरांत "hapus amba" टाइप करूनही शोधतात. म्हणून मराठी आणि इंग्रजी अशी दोन नीट लिहिलेली पानं ठेवा. एकाच पानावर आपोआप भाषांतर करणारं बटण टाकून काम उरकू नका. त्यातून निघणारी मराठी वाचून विश्वास वाढत नाही.

आणि एकाच मुखपृष्ठावर सगळ्यांना बोलवू नका. घरासाठी दोन-पाच डझन घेणारा, दिवाळीसारखी भेट द्यायला कंपनीसाठी पन्नास खोके मागणारा आणि ठोक घेणारा व्यापारी, या तिघांना वेगवेगळी माहिती लागते. मुखपृष्ठ घरगुती गिऱ्हाइकाला द्या, बाकी दोघांना एकेक ओळीचा दुवा पुरे. व्यापारी तसाही फोनच करतो.

परदेशातून येणाऱ्या भेटी हा वेगळाच प्रकार. यातले काही जण अमेरिकेत पेटी मागवू पाहतात. तिथे भारतीय आंब्याला २००७ मध्ये वाट मोकळी झाली ती विकिरण प्रक्रियेच्या (फळावर किरणांचा मारा करून कीड रोखण्याच्या) अटीवर, आणि ती सोय लासलगाव, वाशी अशा मोजक्याच केंद्रांत आहे. तुम्ही हे करत नसाल तर पहिल्याच पडद्यावर "फक्त भारतात घरपोच" असं लिहा. पण उरलेले बरेच जण पुण्या-ठाण्यातल्या आईवडिलांसाठी मागवत असतात, आणि ते उत्तम गिऱ्हाईक आहे: भावावरून घासाघीस नाही, दरवर्षीची ऑर्डर. मग ते अर्ध्यात का सोडतात? फॉर्ममध्ये मोबाइलच्या रकान्यात दहाच आकडे मावतात, त्यामुळे त्यांचा नंबर घेतला जात नाही. घेतलाच तर डिलिव्हरीवाला तिकडे रात्री दोन वाजता फोन लावतो. पैसे देणारा आणि पेटी घेणारा यांचे नंबर वेगळे विचारा. पेमेंट गेटवेकडे (साइटवर पैसे घेणाऱ्या सेवेकडे) आंतरराष्ट्रीय कार्डाची परवानगी बऱ्याचदा वेगळी मागावी लागते, ती पाडव्याच्या आधी मागून ठेवा.

तांत्रिक बिघाड, जे दरवर्षी तेच असतात

हे पटापट सांगतो, कारण यात विचार कमी आणि तपासणी जास्त आहे.

पान उघडायला वेळ लागत असेल तर गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाका. मुख्य मजकूर दिसायला अडीच सेकंदांपेक्षा कमी वेळ लागायला हवा. आंब्याच्या साइटवर दोषी जवळजवळ नेहमी तो वरचा मोठा फोटो, किंवा आपोआप सरकणारी पाच फोटोंची पट्टी असते. पट्टी काढून टाका. दुसरा फोटो कुणी बघत नाही.

मराठी अक्षरं तुटलेली दिसत असतील तर थीममध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं आहे का ते बघा. इंग्रजीला ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे होतात. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वेलांट्या आणि रफार कापले जातात. छापखान्यातून आलेला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला असेल तर तो साइटवर अगम्य चिन्हं होऊन बसतो; युनिकोडमध्ये बदलूनच टाका. आणि भावाचं पत्रक चित्र म्हणून चिकटवू नका. गूगलला ते धड वाचता येत नाही, चष्मा लागलेल्या काकांनाही नाही.

व्हॉट्सअॅपचं बटण दाबून काहीच उघडत नसेल तर दुव्यातला नंबर बघा. तो ९१ ने सुरू व्हायला हवा; त्याच्या आधी अधिकचं चिन्ह किंवा शून्य नको, मध्ये मोकळी जागाही नको. त्याच दुव्यात आधीच लिहिलेला संदेश घालता येतो. "मला ५ डझनची पेटी हवी आहे, पिनकोड:" एवढा घातला तरी "भाव काय?" पुष्कळ कमी होतं.

गूगलवर मागच्या वर्षीचा भाव दिसत असेल तर पानाच्या कोडमध्ये भाव आणि उपलब्धता वेगळी लिहिलेली असते, तिथे तो तसाच राहिलेला असतो. पानावरचा आकडा बदलला आणि तो राहिला, असं हमखास होतं.

आणि सर्वांत महाग पडणारी सवय: दर हंगामाला नवं पान. "हापूस २०२४", मग "हापूस २०२५", जुनं पान काढून टाकलेलं. सोसायटीच्या ग्रुपमध्ये गेल्या वर्षी फिरलेला दुवा यंदा "पान सापडत नाही" म्हणतो आणि गूगलकडे जमलेली पतही गेली. वर्षाचा आकडा नसलेला एकच पत्ता कायम ठेवा, आतला मजकूर बदलत राहा. हंगाम संपला की त्याच पानावर "यंदाचा आंबा संपला" आणि खाली नाव-नंबर नोंदवायची जागा. जूनमध्ये येणारा माणूस पुढच्या मार्चमधलं पहिलं गिऱ्हाईक असतो, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं परवडत नाही.

गूगल अॅनालिटिक्स वापरत असाल तर आजच एक सेटिंग बदला. सविस्तर विश्लेषणासाठीची माहिती किती काळ ठेवायची हे मुळात दोन महिन्यांवर असतं; ते १४ महिने करता येतं. वर्षातून अडीच महिने चालणाऱ्या धंद्याला दोन महिन्यांची आठवण कामाची नाही, आणि गेलेली माहिती मागाहून परत येत नाही.

हे सगळं करूनही ऑर्डर नसेल तर

मग साइट चुकीच्या गावाशी बोलत असण्याची शक्यता बरीच आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या सोसायट्यांत एप्रिलमध्ये कोकणातून थेट टेम्पो येतो, गेटवर पेट्या उतरतात, फळ हाताळून, हुंगून घेता येतं. शिवाय प्रत्येकाचा एखादा "आमचा आंबेवाला" ठरलेला असतो. त्याच्यापुढे न बघता मागवायचा आंबा कशाला कुणी घेईल? तिथे साइटचा उपयोग जुन्या गिऱ्हाइकाला पुन्हा ऑर्डर द्यायला, एवढाच धरा.

ज्याला असा आंबेवाला नाही तो नागपूर, इंदूर, बडोदा, बेंगळुरू, हैदराबादला आहे. तिथली मराठी घरं हापूससाठी थांबलेली असतात आणि स्थानिक बाजारातल्या "रत्नागिरी" खोक्यावर त्यांचा भरवसा नसतो. त्यांच्यासाठी प्रवास लांब, म्हणून फळ कच्चंच निघायला हवं, पॅकिंग खोक्याचं, आणि दोन डझनचा छोटा पर्याय हवा, कारण पहिल्यांदा मागवणारा पाच डझनचा धोका पत्करत नाही. साइटवर शहराचं नाव, तिथे पोचायला लागणारे दिवस आणि भाड्यासकट भाव असं प्रत्येक शहराचं एक छोटं पान करा. आधी दोनच शहरं घ्या, ज्यांचे पिनकोड गेल्या वर्षीच्या चौकशीत सर्वांत जास्त वेळा आले असतील ती.